रात्री दोन वाजताच्या इंटर्नसाठी: शिकाऊ डॉक्टरांचं ऑनलाइन मॉड्यूल कसं तयार करायचं

वर्गात वापरलेली चाळीस-पन्नास स्लाइडची पीपीटी घ्यायची, त्यावर पाऊण तास आवाज रेकॉर्ड करायचा, शेवटी दहा एमसीक्यू जोडायचे आणि लिंक इंटर्नच्या ग्रुपवर टाकायची. तज्ज्ञांची बहुतेक मॉड्यूलं अशीच जन्माला येतात. इंटर्न ती दुप्पट वेगानं पळवतात, सर्टिफिकेट डाउनलोड करतात आणि त्याच रात्री कॅज्युअल्टीत विचारतात, "सिस्टर, व्हायल किती लावायच्या?" (व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली.) विषयाची माहिती त्या पीपीटीत असते. इंटर्नला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे, तेवढं तिच्यात नसतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात काम करणाऱ्या आणि पहिल्यांदाच मॉड्यूल करायला बसलेल्या फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञांसाठी हे टिपण आहे. उदाहरण म्हणून सर्पदंश घेतला आहे. इकडं ऊस आहे, भात आहे, खानापूरच्या पश्चिमेला घाटाचं जंगल आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंश हा नोंद सक्तीची असलेला आजार आहे. २०१९ च्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात मेडिसिनखाली विषारी दंशांचा 'आयएम २०' हा स्वतंत्र गटच आहे, त्यामुळं विभागप्रमुखांची मंजुरी मिळवायलाही सोपं जातं. तुमचा विषय कीटकनाशकाची विषबाधा किंवा प्रसूतीनंतरचा रक्तस्राव असला, तरी पायऱ्या याच.

पायरी १: विषय कापा

'सर्पदंश' हा मॉड्यूलचा विषय होत नाही, तो पुस्तकातला धडा आहे. 'सर्पदंशाचा रुग्ण तालुका दवाखान्यात आल्यापासूनचा पहिला तास' हा विषय झाला. सापांचं वर्गीकरण, विषाची रसायनं, डायलिसिस हे सगळं बाहेर. ते सांगायचा मोह होतोच, पण त्याची वेगळी मॉड्यूलं होतील.

काय कापायचं हे एकट्यानं ठरवू नका. कॅज्युअल्टीतल्या दोन अनुभवी सिस्टर आणि नुकती पोस्टिंग संपवलेले तीन इंटर्न यांच्यासोबत अर्धा तास बसा आणि एकच विचारा: कुठं अडतं? मिळणारी उत्तरं पुस्तकातल्या धड्याच्या क्रमानं येत नाहीत. "काचेची ट्यूब सापडत नाही", "बांधलेली दोरी आधी सोडायची का नंतर", "खूणच दिसत नाही तर एएसव्ही कशी लावू" (एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष). हीच तुमची उद्दिष्टं.

ती लिहिताना 'समजेल', 'माहिती होईल' अशी क्रियापदं टाळा, कारण त्यांची परीक्षा घेता येत नाही. करून दाखवता येईल असं लिहा:

– २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी योग्य नळीत लावेल आणि वाचेल.
– दंशाची खूण नसतानाही मण्यारीचा संशय घेईल.
– एएसव्ही सुरू असताना रिअ‍ॅक्शन ओळखून अ‍ॅड्रेनालिन (रिअ‍ॅक्शन आवरणारं इंजेक्शन) योग्य मात्रेत, योग्य मार्गानं देईल.
– रेफर करताना चिठ्ठीत वेळा लिहील.

एका मॉड्यूलला एवढी चार पुरेत. पाचवं सुचलं तर चारांपैकी एक काढा.

पायरी २: माणसं आणि वेळ

अर्ध्या तासाच्या मॉड्यूलला मुख्य तज्ज्ञाचे वीस-पंचवीस तास जातात असं धरून चाला. पहिल्या वेळी जास्तच. किमान पाच जण लागतात: मजकूर लिहिणारा तज्ज्ञ, तपासणारा दुसरा तज्ज्ञ, एक सिस्टर, एक इंटर्न आणि तांत्रिक बाजू बघणारा कुणीतरी. तपासणारा शक्यतो दुसऱ्या संस्थेतला असावा, कारण एकाच विभागातले लोक एकमेकांच्या सवयींना नियम समजतात. सिस्टरला शोभेला घेऊ नका. व्हायल कुठल्या फ्रीजमध्ये असते आणि रात्री किल्ली कुणाकडं असते हे तिलाच ठाऊक असतं, आणि मॉड्यूलमध्ये ते यायला हवं.

पायरी ३: स्टोरीबोर्ड

कॅमेरा हातात घेण्याआधी सगळं कागदावर. चार रकाने आखा: पडद्यावर काय दिसेल, आवाजात काय येईल, शिकणारा काय करेल, ही माहिती कुठून घेतली. तिसरा रकाना सलग तीन ओळी रिकामा राहिला तर तिथं पुन्हा लेक्चर सुरू झालंय असं समजा. चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण वर्षभरानं मार्गदर्शक सूचना बदलल्या की त्याच्याच जोरावर काय बदलायचं ते दहा मिनिटांत कळतं.

मजकूर एका रुग्णाभोवती बांधा. उदाहरणार्थ: निपाणीजवळ ऊसतोड चालू आहे, संध्याकाळचे सात, पस्तिशीतली बाई, पायाला दंश, घोट्याच्या वर सुताची दोरी करकचून बांधलेली, पाय सुजलेला. नवरा सांगतो, "साहेब, बायकोला पान लागलंय. फडात ऊस तोडाय लागली हुती, काय चावलं ते बघितलं न्हाई." बाहेरगावच्या इंटर्नला 'पान लागलं' म्हणजे साप चावला हे कळणार नाही, म्हणून ते वाक्य मुद्दाम तसंच ठेवा आणि अर्थ पुढच्या पडद्यावर द्या.

आता निर्णयाची ठिकाणं. पहिलं: दोरीचं काय? लगेच कापली तर अडकलेलं विष एकदम अंगात पसरून रक्तदाब कोसळू शकतो. तेव्हा आधी शिरेत लाइन, एएसव्ही आणि अ‍ॅड्रेनालिन हाताशी, घोट्याखालची नाडी तपासायची आणि मग दोरी हळूहळू सैल करायची. दुसरं: रक्त कोणत्या नळीत घ्यायचं? तिसरं: एएसव्ही सुरू होऊन दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, घसा खवखवला, धाप लागली, आता काय? चौथं: रेफर करायचं तर कुठं, आणि चिठ्ठीत काय?

इथं नवखे एका हिशेबात फसतात. चार ठिकाणी तीन-तीन पर्याय ठेवले आणि प्रत्येकाची वाट वेगळी नेली, तर शेवटं होतात ८१. एवढं कुणी लिहीत नाही. दोन आठवड्यांनी काम अर्धवट पडतं. म्हणून चुकीच्या पर्यायाला एकच पडदा द्या: त्या निवडीनं रुग्णाचं काय झालं, का झालं. तिथून शिकणाऱ्याला पुन्हा मुख्य वाटेवर आणा.

रेफरचा भाग इथल्या भूगोलाप्रमाणं लिहा. निपाणीच्या रुग्णाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज-सांगली. राज्याची हद्द मध्ये येते म्हणून इंटर्न गोंधळतो आणि ओळखीच्या दवाखान्याकडं, म्हणजे लांब, पाठवतो. मॉड्यूलमध्ये अंतर, व्हेंटिलेटरची सोय आणि आधी फोन करून घेणं हे तिन्ही मुद्दे निर्णयाआधी दिसले पाहिजेत. चिठ्ठीत दंशाची वेळ, दोरी सोडल्याची वेळ, किती व्हायल कधी सुरू केल्या, चाचणीचे निकाल वेळेसह आणि दिलेली औषधं. चिठ्ठी इंग्रजीत, नातेवाइकांना सांगणं त्यांच्या भाषेत.

पायरी ४: भाषा

परीक्षेची भाषा इंग्रजी, म्हणून वैद्यकीय मजकूर इंग्रजीत ठेवायला हरकत नाही. पण रुग्णाशी बोलणं मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं. कर्नाटकातले इंटर्न कन्नडमध्ये अडत नाहीत, ते मराठीत अडतात. ऑल इंडिया कोट्यातून आलेले दोन्हीत. प्रत्येक संवादाला दोन्ही भाषांतला आवाज द्या आणि खाली इंग्रजी ओळ.

संवाद बोलीतले हवेत. "आपणास द्विधा दृष्टी जाणवते का?" असं खानापुरात कुणी विचारत नाही. "मावशी, एकाचं दोन दिसतंय का? डोळं वर करून माझ्याकडं बघत राहा" हे चालतं. शिवाय त्या 'बघत राहा'त तपासणीही आहे. बराच वेळ वर बघायला लावलं की झापड येऊ लागलेली पापणी हळूहळू उतरते, आणि नुसतं 'डोळे उघडा' म्हटलं तर ती निसटते. हा प्रसंग व्हिडिओत धरा. नट म्हणून सहकारी चालेल, रुग्णाला त्रास देऊ नका.

पायरी ५: व्हिडिओ

एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांवरचा २०१४ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे: व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत असला तर लोक तो बघतात, पुढं लक्ष ढळतं. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरला, तर सहा मिनिटांना सहाशे ते साडेसातशे शब्दांची संहिता झाली. संहिता लिहिल्याशिवाय रेकॉर्डिंगला बसू नका. बोलता बोलता नेहमी दुप्पट होतं.

पडद्यावर परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवणं ही सर्वांत सर्रास चूक. डोळे पुढं वाचतात, कान मागं राहतात, डोक्यात दोन्ही धड पोचत नाहीत. पडद्यावर चित्र, नळी, आकडा, स्पष्टीकरण आवाजात.

कशाचा व्हिडिओ करायचा हेही ठरवा. जे हातानं करायचं, त्याचाच. आपल्या उदाहरणात दोन होतात.

पहिला, २० मिनिटांची चाचणी. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी. शिरेतलं ताजं २ मिलि रक्त. खोलीच्या तापमानाला २० मिनिटं न हलवता उभी. मग एकदाच तिरपी करायची. रक्त ओघळलं तर गोठलेलं नाही, म्हणजे विषाचा रक्तावर परिणाम झालाय. काचेचा पृष्ठभाग गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लास्टिक ते काम करत नाही, आणि साबणानं धुतलेली काचसुद्धा धड करत नाही. कॅज्युअल्टीत हाताशी असते ती प्लास्टिकची व्हॅक्यूटेनर (रक्त घ्यायची तयार नळी), म्हणून तिथंच चूक होते: रक्त गोठत नाही, निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो आणि गरज नसलेल्याला एएसव्ही चढते. व्हिडिओत दोन नळ्या शेजारी ठेवा, एक काचेची, एक प्लास्टिकची, निरोगी माणसाच्या रक्ताची, आणि मागं घड्याळ. २० मिनिटं दाखवायची नाहीत. सुरुवात, दहावं मिनिट, शेवट. तिरपी करतानाचा क्षण मात्र कापू नका, वेगही वाढवू नका.

दुसरा, व्हायल विरघळवणं. कोरड्या भुकटीची व्हायल १० मिलि स्टराइल वॉटरनं भरून गोल गोल फिरवायची, जोरात हलवायची नाही. हलवली की फेस येतो, मग इंटर्न फेस बसायची वाट बघत बसतो. दहा व्हायल करायला एका माणसाला बराच वेळ लागतो. दोघांनी करायचं, हे आवाजात सांगा. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून, त्याच्या डोळ्यांना दिसतं तसा. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं.

साहित्य फार लागत नाही. बऱ्यापैकी मोबाइल, स्टँड, कॉलरला लावायचा वायरचा माइक. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, घुमणारा आवाज नाही. पंखा बंद, एसी बंद, खिडक्यांना जाड पडदे. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग ठेवूच नका. आवाज स्वच्छ करायला ऑडॅसिटी आणि पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, दोन्ही फुकट मिळतात.

मग आकार. १०८० पीमध्ये मोबाइल मिनिटाला शंभर एमबीच्या पुढं जातो. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमधून एच-२६४, ४८० पी, चित्राला ५०० केबीपीएस आणि आवाजाला मोनो ६४ केबीपीएस ठेवलं तर सहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण २५ एमबीत बसतो. नळी तिरपी करायचा तुकडा ७२० पी ठेवा, बाकी ४८० पुरे. बेळगावातल्या हॉस्टेलवर काहीही चालेल. खानापूरच्या घाटातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पोस्टिंगवर याच २५ एमबीनं फरक पडतो.

पायरी ६: फोटो आणि संमती

उपचाराची संमती म्हणजे शिकवण्यासाठी फोटो वापरायची संमती नव्हे. वेगळा फॉर्म हवा, रुग्णाला येणाऱ्या भाषेत, आणि त्यात 'ऑनलाइन' हा शब्द स्पष्ट हवा. नंतर नाही म्हणायचा हक्क आहे हेही लिहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे; संस्थेच्या नीतिमत्ता समितीला पहिल्या दिवशीच कळवा, शेवटी कळवलं तर केलेलं काम अडकतं.

डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख लपली असं नाही. गोंदण, मंगळसूत्र, हातावरचा धागा, मागच्या भिंतीवरचा वॉर्डाचा बोर्ड यावरून गावातली माणसं ओळखतात. चौकट जखमेपुरतीच धरा. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आणि वेळ आतल्या माहितीत राहते, ती काढून टाका. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि नंबर फक्त झाकू नका, चित्रातूनच कापा. पीपीटीत वर ठेवलेला काळा चौकोन कुणीही बाजूला सरकवू शकतो.

पुस्तकातली आकृती स्कॅन करून टाकणं बंद करा. खुल्या परवान्याची चित्रं असतात, त्यांचा परवाना वाचून श्रेय द्या, नाहीतर स्वतः काढा.

पायरी ७: प्रश्न

आठवणीचे प्रश्न ('एएसव्हीच्या व्हायलमध्ये किती मिलि?') एक-दोन चालतील. बाकी प्रसंगावरचे हवेत. नमुना:

"खानापूर तालुका, सकाळचे सहा. २२ वर्षांचा तरुण, रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोट दुखून जाग आली, दोन उलट्या, आता पापण्या जड. चावल्याची खूण नाही. २० मिनिटांत रक्त गोठलं. पुढं काय?
अ) पोटदुखीचं इंजेक्शन देऊन चार तास वॉर्डात ठेवणं
आ) एएसव्ही सुरू करून श्वासाच्या मदतीची तयारी ठेवणं
इ) दंशाची खूण नाही म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडं पाठवणं"

उत्तर आ. इथं खरं काम स्पष्टीकरणाचं आहे, आणि ते चुकीच्या पर्यायांचंही हवं. मण्यारीचे दात बारीक, खूण बहुधा दिसत नाही. विष मज्जातंतूंवर जातं, म्हणून रक्त गोठतं आणि चाचणी 'नॉर्मल' येते. चार तास थांबलं तर श्वास बंद पडायची वेळ येते. नाग असता तर निओस्टिग्मिन या स्नायूंची ताकद परत आणणाऱ्या औषधाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते, मण्यारीत तेवढी नाही, हेही त्याच पडद्यावर सांगून टाका.

पर्याय तीनच ठेवा. चौथा-पाचवा पर्याय ओढूनताणून आणलेला असतो, तो कुणी निवडत नाही. २००५ सालच्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्षही तीन पुरेत असाच होता. बरोबर पर्याय सर्वांत लांब होत नाही ना ते बघा, मुलं तेवढ्यावर उत्तर ओळखतात. 'वरील सर्व' नको. 'कोणतं चूक नाही' तर नकोच नको.

पास-नापास टक्क्यांवर सोडू नका. रिअ‍ॅक्शनमध्ये अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत द्यायचं. ज्यानं ते थेट शिरेत दिलं त्याला ९० टक्के मिळाले तरी तो पास नाही. असे दोन-तीन 'जीवघेणे' प्रश्न ठरवा आणि ते बरोबर आल्याशिवाय पुढचा भाग उघडणार नाही अशी सोय करा.

औषधाच्या मात्रा लिहिताना स्मरणशक्तीवर जाऊ नका. एएसव्हीचा पहिला डोस साधारण १० व्हायल, मुलांनाही मोठ्यांइतकाच, आणि टेस्ट डोस नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही पडद्यावर प्रत्येक मात्रेखाली कोणत्या वर्षाच्या सूचनांतून घेतली ते बारीक अक्षरात लिहा. मात्रा दोघांनी वेगवेगळं बसून तपासायच्या. मिग्रॅ आणि मिलि यांची अदलाबदल एकट्याच्या डोळ्यांना दिसत नाही. घाटातल्या नाकाड्या चापडा या विषारी सापाच्या दंशावर आपली चार सापांची एएसव्ही काम करत नाही, ही ओळ खानापूरकडच्या मुलांसाठी विसरू नका.

पायरी ८: कुठं ठेवायचं

मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली फुकट आहे आणि बऱ्याच कॉलेजांत आधीच बसवलेलं असतं. निर्णयाच्या वाटा त्यात एचफाइव्हपी या जोडसाधनाच्या 'ब्रँचिंग सिनॅरिओ'नं करता येतात. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपवर मजकूर उतरवून घेता येतो, पण परीक्षा नेटवर्कशिवाय द्यायची तर क्विझच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनची परवानगी वेगळी द्यावी लागते; ती मुळात बंद असते, आणि मग पोस्टिंगवरून तक्रारी येतात. गूगल फॉर्म नेटवर्कशिवाय चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवू नका, फक्त लिंक. फाइल एकदा ग्रुपात गेली की चुकीची मात्रा असलेली जुनी आवृत्ती पुढची चार वर्षं फिरत राहते.

पायरी ९: चाचणी

तीन इंटर्नना एकेक करून शेजारी बसवा, त्यांच्याच मोबाइलवर, स्वस्तातल्या. तुम्ही बोलायचं नाही. कुठं थांबतात, कुठं मागं जातात, कुठं नुसतं टॅप टॅप करतात तेवढं लिहून घ्या. त्यांनी विचारलं तरी उत्तर देऊ नका, हे सगळ्यात अवघड जातं. एवढ्यावरून बहुतेक दोष सापडतात. दुरुस्त करा, मग पूर्ण बॅचला द्या.

पहिल्या बॅचनंतर प्रश्नवार निकाल काढा. एखादा प्रश्न हुशार मुलंच जास्त चुकवत असतील तर उत्तरतालिका चुकलीय किंवा वाक्य दुहेरी अर्थाचं आहे.

पायरी १०: हाताचं काम आणि पुढची देखभाल

मॉड्यूल झाल्यावर आठवड्याच्या आत स्किल लॅबमध्ये अर्धा तास: प्रत्येकानं एक मुदत संपलेली व्हायल विरघळवायची, पाण्यावर अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलि मोजून सिरिंजमध्ये घ्यायचं, नळ्यांच्या ढिगातून काचेची उचलायची. व्हिडिओ बघून हात शिकत नाही. तीन-चार आठवड्यांनी पाच प्रश्न पुन्हा पाठवा, उत्तरासकट. आठवायला लावल्यानं जितकं टिकतं तितकं पुन्हा वाचून टिकत नाही.

उपयोग झाला का हे सर्टिफिकेटच्या संख्येवरून कळत नाही. कॅज्युअल्टीचं रजिस्टर काढा: रुग्ण आल्यापासून एएसव्ही सुरू होईपर्यंत किती मिनिटं, चाचणी लावली का, रेफर चिठ्ठीत वेळा आहेत का, दंशाची नोंद कळवली का. मॉड्यूलच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने. पावसाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करू नका, सर्पदंश पावसाळ्यात वाढतात.

पहिल्या पडद्यावर तीन गोष्टी ठळक: आवृत्तीचा क्रमांक, शेवटच्या तपासणीची तारीख, आणि मजकुराला जबाबदार असलेलं पद. नाव लिहू नका, माणसं बदली होऊन जातात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या आणि सापांच्या आधी, चौथा रकाना उघडून सगळ्या मात्रा नव्या सूचनांशी ताडून बघा. एकही मात्रा बदलली असेल तर जुनं मॉड्यूल त्याच दिवशी बंद करा, नवं तयार व्हायची वाट न बघता.